रणगाडा नेमका होता कुठे?

डोळ्यांवर व्हीआर गॉगल चढवलेल्या जवानांचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे येतात. खाली हमखास लिहिलेलं असतं, 'आता मैदानात जायची गरजच नाही!' काहीही! चिखल, तहान, वजन गॉगलमध्ये येत नाही. या सरावाची खरी गंमत गॉगल काढल्यावर सुरू होते. तुकडी बसते आणि विचारते: ठरलं काय होतं, घडलं काय, असं का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं? अमेरिकी लष्करात याला 'आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू' म्हणतात.

दुसऱ्या प्रश्नावर वाद ठरलेला. 'मी आधी गोळा डागला.' 'मला लागलाच नाही.' नुसत्या आठवणीवर गेलं तर मोठ्या हुद्द्याचं खरं ठरतं, म्हणून नोंद हवी. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने 'सिमनेट' हे नेटवर्क उभारलं आणि दूरदूरच्या तळांवरचे रणगाड्यांचे सिम्युलेटर, म्हणजे खोटे सराव-रणगाडे, एकाच आभासी रणांगणात आणले. पण प्रत्येकाची जागा क्षणोक्षणी सगळ्यांना कळवायची, तर तेव्हाचं नेटवर्क तुंबलंच असतं.

तोडगा निघाला जुन्या दर्यावर्दींच्या हिशेबातून: डेड रेकनिंग. माझ्या यंत्राने जागा, दिशा आणि वेग एकदा कळवला की बाकीची यंत्रं मला आपणहून पुढे सरकवतात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ३ सेकंदांनी मी ३० मीटर पुढे असणार. माझं यंत्रही माझ्याबद्दलचा हाच अंदाज चालवत राहतं. खरी जागा आणि अंदाज यांत ठरावीक फरक पडला, समजा १ मीटर, तरच नवा संदेश जातो. एरवी दर ५ सेकंदांनी नुसती हजेरी. गाडी वेळेवर असली की आपण घरी फोन करत नाही, लेट झाली तरच करतो, तसंच.

हे संदेश वेळेसकट साठवले की अख्खा सराव पुन्हा पाहता येतो, हवा तिथे थांबवून, अगदी शत्रूच्या बाजूनेही. गोळा लागला हे डागणाऱ्याचं यंत्र सांगतं, नुकसान किती हे ज्याला लागला त्याचं यंत्र ठरवतं. दोन्ही नोंदीत येतं, वाद मिटतो. बहुतेक वेळा. कारण नोंदीतली जागाही शेवटी अंदाजच. उंचवट्याआड लपलेला रणगाडा तिथे हातभर उघडा दिसू शकतो.

२६ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात इराकच्या वाळवंटात झालेली अमेरिकी आणि इराकी रणगाड्यांची '७३ ईस्टिंग'ची लढाई तर नंतर सिमनेटमध्ये उभी केली गेली. जवानांच्या मुलाखती, वाळूतले चाकोरीचे माग, रेडिओवरची संभाषणं, सगळं जुळवून.

मात्र वरून पाहणाऱ्याला सगळंच सोपं वाटतं. निकाल कळला की तो आधीच दिसत होता असं माणसाला वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५मध्ये प्रयोगांतून दाखवलं. निवडणुकीनंतर 'आम्ही म्हटलंच होतं' सांगणाऱ्या ज्योतिषांचा धंदा याच्यावरच चालतो. ७३ ईस्टिंगला वाळूचं वादळ होतं, साध्या डोळ्यांना फार लांबचं दिसत नव्हतं. म्हणून आढावा घेणाऱ्याने आधी फक्त रणगाड्याच्या कमांडरला त्या वेळी दुर्बिणीतून दिसलेलं दृश्य लावावं, 'आता काय करशील?' विचारावं, आणि उत्तर आल्यावरच नकाशा उघडावा.