मोट, डीपी आणि पॅनेल: विदर्भातल्या ओलिताच्या तंत्राची पार्श्वभूमी

वावरात पाणी किती आहे हे विचारण्याआधी विदर्भात माणूस विचारतो, ‘लाईन कोणत्या पाळीची आहे?’ म्हणजे शेतीची वीज दिवसा येते की रात्री. दिवसपाळी असेल तर हरभरा उजेडात ओलता येतो. रात्रपाळी असेल तर बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन बाराच्या सुमारास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जावं लागतं. आता सौरपंपाच्या अर्जांमुळे या प्रश्नाचं स्वरूप बदलतं आहे. पण सौरपंप नेमकं काय सोडवतो आणि काय सोडवत नाही, हे समजण्यासाठी मोटेपासून इथपर्यंतचा प्रवास पाहायला हवा. या प्रवासात पाणी ओढायची ताकद दर टप्प्याला वाढली आणि अडचण दर वेळी एक पायरी खाली सरकली.

मोटेच्या काळात अडचण बैलांची होती. पाणी उपसायची चामड्याची मोट, ती ओढायला जाड नाडा आणि बारीक सोंदूर हे दोर, उताराची धाव आणि पाणी पडायला थारोळं, एवढं सामान. बैल धाव उतरले की मोट वर येई आणि मागे सरकले की खाली जाई. बैलजोडी दिवसभर राबली तरी अर्ध्या एकराच्या पुढे ओलित सहसा जात नसे, त्यामुळे पाणी भाजीपाला, ऊस, गव्हाचा तुकडा किंवा संत्र्याच्या झाडांपुरतंच असे. पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि ज्वारी पावसावर. विदर्भाची शेती आजही मोठ्या प्रमाणावर कोरडवाहू आहे, त्याचं मूळ इथेही आहे. मोटेचा एक गुण मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती इतकं हळू उपसत असे की विहिरीला भरायला वेळ मिळे आणि तळ सहसा लागत नसे.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात, चित्र वेगळं होतं. तिथे कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचं पाणी उताराने बांध्यांत उतरायचं, उपसायची गरजच नसे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि गाळ काढायची, पाळ दुरुस्त करायची गावातली जुनी घडी विस्कटली. पंप नसलेलं हे तंत्रज्ञान होतं, आणि देखभाल कोणाची हे न ठरल्यामुळे ते खचलं.

डिझेल इंजिन आलं तेव्हा बैल सुटले. किर्लोस्कर आणि कूपर ही नावं खेड्यापाड्यात याच इंजिनांमुळे पोचली. ५ एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल पितं. पट्ट्यावर पंप, पंपाला सक्शन पाइप आणि पाइपाच्या टोकाला पाणी परत उतरू न देणारा फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावात सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. फुटबॉलच्या चामड्याखाली काडी किंवा खडा अडकला की पाइपातलं पाणी उतरून जातं, पंप हवा धरतो आणि बादलीने पाणी भरत बसावं लागतं. ज्यांनी हे केलं आहे त्यांना अर्धा दिवस कुठे जातो ते ठाऊक आहे.

खरी मर्यादा मात्र फुटबॉलची नव्हती, हवेची होती. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात विहिरीतल्या पाण्यावरचा हवेचा दाब ते पाइपात वर ढकलतो. हा दाब कागदावर ३४ फुटांपर्यंत पाणी चढवू शकतो, पण पाइपातलं घर्षण आणि सांध्यांतली गळती धरून शेतात भरवसा २०-२२ फुटांचाच. उन्हाळ्यात पाणी ४० फुटांवर गेलं की पंप वर ठेवून काही होत नसे. मग विहिरीच्या आत कपारीवर ओटा बांधायचा आणि इंजिन दोरखंडांनी खाली सोडायचं. तिथे धूर कोंडायचा आणि खाली उतरलेल्या माणसांचे जीव जायचे. विजेची मोटर आल्यावर धुराचा धोका गेला, पण मोटर खालीच ठेवावी लागे आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बुडे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. कोराडीचं औष्णिक केंद्र १९७४ मध्ये आणि चंद्रपूरचं १९८० च्या दशकात सुरू झालं. कोळसा विदर्भाचा, राखेचे बंधारे विदर्भाच्या जमिनीवर, आणि त्याच विदर्भातला शेतकरी कृषिपंपाच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं प्रलंबित यादीत. हा सल अजून गेलेला नाही आणि तो खरा आहे.

वीज आली ती ६३ आणि १०० केव्हीएच्या डीपींवरून (गावात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात), लांबच लांब लघुदाब तारांनी. डीपीपासून दीड-दोन किलोमीटर दूरच्या विहिरीवर पोचेपर्यंत ४१५ व्होल्टचे ३०० उरत. ५ एचपीची मोटर पूर्ण दाबावर सातेक अँपिअर घेते. दाब पडला की तेवढंच काम करायला ती जास्त करंट ओढते, आतल्या तारेचं वेटोळं म्हणजे वाइंडिंग तापतं आणि तारेवरचा इनॅमलचा लेप जळतो. त्याहून वाईट म्हणजे एक फेज जाणं. चालती मोटर दोन फेजवर फिरत राहते, उरलेल्या दोन वायंडिंगांवर भार पडतो, आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले वेळेत सुटला नाही तर काही मिनिटांत वास येतो. रिवायंडिंगचा खर्च हजारांत, आणि ऐन हंगामात मिस्त्रीकडे आधीच मोटरींची रांग लागलेली. रिले वारंवार सुटतो म्हणून तो बांधून ठेवणारे किंवा फ्यूजमध्ये जाड तार टाकणारे पुष्कळ आहेत. त्या रात्री पंप चालतो, आणि काही दिवसांनी मोटर जळते.

मीटरऐवजी एचपीवर बिल लागू लागल्यावर आणखी एक गोष्ट घडली. पंप दोन तास चालवा की दहा, बिल तेवढंच, मग कार्यक्षम मोटर कोण घेणार? पाटीवर ५ एचपी आणि आत साडेसातचं वायंडिंग, अशा मोटरी सर्रास आल्या. डीपीवरचा भार कागदावर दिसत नव्हता, पण डीपीतलं तेल मात्र उकळत होतं.

२००५ नंतरचं भारनियमन सगळ्यांच्या लक्षात आहे. मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं तेही त्याच वर्षी. गावठाणाचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, शेतीपासून वेगळे झाले, शेतीला ठरावीक तास थ्री फेज आणि आठवड्याने दिवस-रात्र पाळी बदलणं सुरू झालं. वीज कधी येईल याचा नेम नाही म्हणून वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ‘ऑटो’ स्टार्टरला बसले. लाईन आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकाच सेकंदाला उठतात. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. वीस पंप असले तर डीपीला शंभर-सव्वाशे पंपांचा धक्का बसतो, डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो, कधी डीपीच जळते. मग आठवडाभर सगळेच बसून. यावर उपाय स्वस्त आहेत. ऑटोला टायमर लावून प्रत्येक पंपाचा आरंभ काही मिनिटं मागे-पुढे करायचा आणि मोटरला योग्य कपॅसिटर लावायचा: ३ एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ५ ला २, साडेसातला ३. कपॅसिटरने करंट कमी होतो आणि शेवटच्या विहिरीवर दाब सुधारतो. पण एकट्याने लावून भागत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी लावावा लागतो, आणि नेमकं हेच अवघड जातं. २०१८ पासून उच्चदाब प्रणालीत एक-दोन पंपांना एक लहान डीपी द्यायला सुरुवात झाली, ती याच दुखण्यावर. जिथे झाली तिथे मोटर जळणं खरंच कमी होतं, कारण लघुदाबाची लांब तारच उरत नाही.

रात्रीच्या ओलिताची किंमत कुठल्याच बिलात दिसत नाही. चिखलात साप, हरभऱ्यात रानडुकरं, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघ. डुकरांसाठी कोणी कुंपणात चोरून करंट सोडलेला असेल तर तो माणसालाही मारतो. ओल्या पायांनी, अर्थिंग नसलेल्या लोखंडी स्टार्टरपेटीला हात लावणं हा प्रकार तर रोजचाच. पेटीजवळ खड्ड्यात पेटीला जोडलेला अर्थिंगचा दांडा गाडून त्यात मीठ-कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायचं, एवढं केलं तरी धोका बराच कमी होतो.

दरम्यान सबमर्सिबलने हवेच्या दाबाची मर्यादा संपवली. हा पंप पाण्यात बसून पाणी वर ढकलतो, त्यामुळे २०० फूट असो की ५००, पंपातल्या पंख्यांचे टप्पे आणि मोटरची ताकद वाढवायची. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात साडेसहा इंची बोअर खोल खोल जात राहिले. बेसॉल्टच्या खडकात पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात; काळ्या पाषाणात ते साठत नाही. शेजाऱ्याचा बोअर खोल गेला की आपली विहीर आटते. तो भाग भूजलाच्या अतिशोषणाच्या यादीत गेला तो असा. उलट पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या काही भागात, पंप कितीही चांगला असो, पाणीच खारं. ते काळ्या जमिनीला दिलं की जमीन चिघळते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. तिथे शेततळ्यातलं पावसाचं पाणी हाच मार्ग उरतो.

ठिबकही याच ओघात आलं. १६ मिलिमीटरची नळी, तासाला ४ लिटरचे ड्रिपर, संत्र्याच्या झाडाभोवती गोल. क्षारांनी ड्रिपर बंद पडले की नळीच कापून फेकणारे दिसतात, प्रत्यक्षात वेळेवर आम्ल प्रक्रिया आणि दर आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून धुणं एवढंच लागतं. नंतर मोबाइल स्टार्टर आले: सिम टाका, घरून मिस कॉल द्या, मोटर चालू. वावरात रेंज नसली, सिमचा रिचार्ज संपला किंवा पंप कोरडा फिरत असताना ड्राय-रन सेन्सर नसला, की हे यंत्र मदतीऐवजी मोटर जाळून देतं.

आता सौर. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, केंद्राची कुसुम २०१९ ची, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ चा. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात; सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के. ३ एचपीला सुमारे ३,००० वॅटचे पॅनेल लागतात. चांगल्या उन्हात ३० मीटरवरून दिवसाला जवळपास १ लाख लिटर पाणी येतं. पाणी ७० मीटरवर असेल तर त्याच पॅनेलमधून ४० हजारांच्या आसपास. एका एकराला ५ सेंटिमीटरची पाळी द्यायला २ लाख लिटर लागतात, म्हणजे ३० मीटरला एकरी दोन दिवस. ज्याला विजेच्या पंपाचा एकदम येणारा लोंढा सवयीचा आहे त्याला सौरपंपाची धार बारीक वाटते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी बारीक होते, म्हणून मोकळं पाणी सोडण्यापेक्षा ठिबक किंवा टाकी-शेततळं भरून घेणं तिला साजतं.

बिघाडांचे प्रकारही बदलले. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून धुऱ्यावरच्या निंबाच्या फांदीची सावली एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या ओळीचा प्रवाह खाली येतो. तोंड दक्षिणेला, कलता कोन आपल्या अक्षांशाच्या जवळपास, म्हणजे २०-२१ अंश. मार्चनंतरच्या धुळीने उत्पादन घटतं. पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवायचं. मे महिन्याच्या वादळात पायाचं काँक्रीट कमी भरलेले सांगाडे उलटून पडतात, त्यामुळे खड्डा भरताना मालकाने स्वतः उभं राहावं. विमा आणि पाच वर्षांची देखभाल कंत्राटात असते, पण तक्रारीचा नंबर आणि पॅनेलचे अनुक्रमांक लिहून ठेवलेले असतील तरच ती पदरात पडते. आणि पॅनेलची वीज मोटरला जुळवून देणारा कंट्रोलर बिघडला तर गावातला वाइंडर तो उघडू शकत नाही. मोटर गावात दुरुस्त होत होती, कंट्रोलरसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. पुढच्या दहा वर्षांत तालुक्याच्या आयटीआयमधून या कामाची पोरं तयार झाली नाहीत तर हजारो पॅनेल वावरात उभे राहतील आणि पंप बंद असतील. ही भीती मला सगळ्यात खरी वाटते.

पुढे काय, याचा अंदाज यावरूनच बांधता येतो. शेतीचे फीडर उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांवर जाणं वेगाने वाढेल आणि रात्रपाळी बहुतेक ठिकाणी संपेल. विहिरीवरच्या स्वतंत्र पॅनेलपेक्षा हा मार्ग मला जास्त टिकाऊ वाटतो, कारण पंप बंद असतानाही वीज वाया जात नाही. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आणि मोबाइलवर पाळी सांगणारी प्रणाली संत्र्यात आधी रुजेल, कपाशीत उशिरा, कारण संत्र्यात आंबिया-मृग बहाराचं (फुलोऱ्याच्या दोन हंगामांचं) पाणी अचूक तोडण्या-सोडण्यावर पैसा ठरतो. मात्र २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतची वीज मोफत आहे आणि उन्हाला तर बिलच नाही. म्हणजे उपसा थांबवणारं खर्चाचं बंधन गेलं. अडचण आता शेवटच्या पायरीवर, विहिरीच्या तळाशी पोचली आहे.

म्हणून अर्ज भरण्याआधी मार्चमध्ये एक दिवस काढावा. विहीर उपसून खाली आणायची, पंप बंद करायचा, दोरीला खूण करून तासाभरात पाणी किती चढतं ते मोजायचं. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. तासाला अर्धा फूट चढत असेल तर चोवीस तासांत लाखभर लिटर, म्हणजे ३ एचपीचं सौरसंच ३० मीटरवरून दिवसभरात उपसेल तेवढंच. त्या विहिरीवर पाच एकरांच्या सातबाऱ्यावरून ५ एचपी मागितला, तर दुपारी दोनपर्यंत ती कोरडी पडेल आणि उरलेलं ऊन पॅनेलवर तसंच पडून राहील.