टाकीत ११५ पीएसआय, तरी गनला धाप का लागते?

घरच्या घरी गाडी रंगवताना पीएसआय आणि सीएफएम या दोन आकड्यांची हमखास गल्लत होते. पीएसआय हा हवेचा दाब. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते. काँप्रेसरच्या टाकीवर ११५ पीएसआय दिसतात, रंग फवारणाऱ्या गनला ३० पुरतात, मग अडचण कसली, असं वाटतं. गफलत इथेच आहे.

ट्रिगर ओढलेला नसतो तेव्हा नळीतली हवा नुसती उभी असते, आणि उभ्या हवेचा दाब सायकलच्या पंपालाही चढवता येतो. ट्रिगर ओढला की हवा धावते आणि आकडा कोसळतो. बंद असताना ४० दाखवणारी गन ओढल्यावर २५ वर येऊ शकते. म्हणून दाब लावायचा तो फॅनचा, म्हणजे फवाऱ्याच्या रुंदीचा, नॉब पूर्ण उघडून, ट्रिगर ओढून धरून, गनच्या मुठीखाली बसवलेल्या छोट्या गेजवर बघत. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला तिथे बहुधा २५ ते ३० पीएसआय लागतात. नेमका आकडा तिच्या माहितीपत्रकात असतो.

दाब रेग्युलेटर फिरवून वाढतो. हवा मात्र काँप्रेसर देईल तेवढीच. मोठी एचव्हीएलपी गन मिनिटाला १० ते १५ घनफूट हवा पिते, तर २ एचपीचा पिस्टन काँप्रेसर प्रत्यक्षात ६-७ च्या आसपास देतो. (काँप्रेसरवर छापलेला आकडा बरेचदा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो, बाहेर पडणाऱ्या नव्हे.) मोठी टाकी ही तूट भरून काढत नाही, फक्त लांबवते. ५० लिटरची टाकी ८ बारवरून (साधारण ११५ पीएसआय) ४ वर उतरेपर्यंत साधारण २०० लिटर, म्हणजे ७ घनफूट हवा देते. गन १२ पीत असेल आणि काँप्रेसर ६ देत असेल, तर सलग फवारणीत ही शिल्लक ७० सेकंदांत संपते. बॉनेट तेवढ्यात होत नाही.

मग पॅनेलच्या सुरुवातीला रंग छान बसतो आणि शेवटाकडे थेंब जाड होत जातात, फॅन आक्रसतो, संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. मेटॅलिक बेसमध्ये (चमकीच्या रंगाच्या थरात) तर ढगांसारखे डाग दिसतात. अशा वेळी बहुतेक जण रेग्युलेटर आणखी उघडतात, आणि नेमकं तेच करू नये. दाब वाढला की गन हवाही जास्त पिते, टाकी आणखी लवकर बसते. शिवाय काँप्रेसर न थांबता चालून तापतो, गरम हवेतून वाफ पुढे येते आणि नळीत थंड होऊन तिचं पाणी रंगात उतरतं.

दोष दाबाचा की हवेचा, हे दोन गेज एकाच वेळी बघून कळतं. कपात रंग न भरता ट्रिगर दोन मिनिटं ओढून धरा. टाकीचं गेज वरच राहिलं आणि गनचं पडलं, तर हवा आहे पण वाटेत अडते आहे. ६ मिमी आतल्या व्यासाची लांब नळी, नळी झटकन जोडणारा अरुंद क्विक कपलर, तुंबलेला फिल्टर हे नेहमीचे गुन्हेगार. १० मिमी नळी लावली की फरक लगेच दिसतो. दोन्ही गेज सोबत उतरत गेले, तर काँप्रेसर अपुरा आहे आणि नळी बदलून काही होणार नाही. तिथे ४ ते ६ सीएफएमवर चालणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन घ्यावी. तिचा फॅन लहान असतो, हात सावकाश चालवावा लागतो, पण शेवटचा फटकारा पहिल्यासारखाच येतो. नाहीतर एका वेळी एकच पॅनेल घ्यायचं आणि मध्ये टाकी भरू द्यायची.

गनचं गेज दोन मिनिटांत १-२ पीएसआयहून जास्त हललं नाही, की मगच १.३ किंवा १.४ मिमी नोझलने, १५ ते २० सेंमी अंतरावरून कागदावर फॅन तपासायला घ्यावा. त्याआधी नॉब फिरवत बसणं वाया जातं, कारण हवाच हलती असेल तर सेटिंग टिकत नाही.