व्हर्च्युअल मशीनच्या हाती खरं कार्ड

१० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लहानात लहान पॅकेट्सनी पूर्ण भरून वाहू लागलं, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेट्स येतात. एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात साधारण २०० आवर्तनं मिळतात. व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातून, बाहेर पडून ते चालवणाऱ्या हायपरव्हायझरकडे जायचं आणि परत आत यायचं, या एका फेरीतच हजाराच्या घरात आवर्तनं खर्च होतात. हायपरव्हायझर मध्ये जे काम करतो ते वेगळंच. प्रत्येक पॅकेटमागे अशी फेरी झाली, तर हिशेब जुळणं शक्य नाही.

हायपरव्हायझर म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, आपल्याकडे स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे असं दिसतं. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअरने उभं केलेलं सोंग असतं. गेस्टने त्या कार्डाच्या रजिस्टरमध्ये काही लिहिलं, की प्रोसेसर गेस्टला थांबवतो आणि ताबा हायपरव्हायझरकडे जातो. २००८च्या सुमारास आलेल्या व्हर्टआयओ या पद्धतीने हा त्रास बराच कमी केला. गेस्ट आणि हायपरव्हायझर सामायिक मेमरीत रांगा ठेवतात आणि पुष्कळ पॅकेट्समागे एकदाच हाक मारतात. वेबसाइट किंवा साधा डेटाबेस चालवणाऱ्या मशीनला यापुढे जायची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. पण टेलिकॉमचं पॅकेट-प्रोसेसिंग, जीपीयूवर चालणारं मॉडेल, वेगवान एनव्हीएमई डिस्क अशा कामांसाठी खरं हार्डवेअरच गेस्टच्या ताब्यात द्यावं लागतं. याला पासथ्रू म्हणतात.

द्यायला अडचण कसली? अडचण आहे डीएमएची. नेटवर्क कार्ड आलेला डेटा प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं. कुठे लिहायचं तो पत्ता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, त्याला देतो. आता ड्रायव्हर गेस्टच्या आत आहे, आणि गेस्टला माहीत असलेले पत्ते खरे नाहीत. तो ज्याला स्वतःच्या मेमरीची सुरुवात समजतो, ती जागा सर्व्हरच्या रॅममध्ये भलतीकडेच असते. कार्डाने तो पत्ता जसाच्या तसा मानला, तर डेटा दुसऱ्याच ग्राहकाच्या मशीनमध्ये किंवा थेट हायपरव्हायझरच्या मेमरीत जाऊन पडेल. आणि गेस्टमधला माणूस बदमाश असेल, तर हे मुद्दाम घडवेल.

हा प्रश्न जुना आहे. १९७२ साली आयबीएमने जाहीर केलेल्या व्हीएम/३७०मध्येही एखादं उपकरण एकाच व्हर्च्युअल मशीनला नेमून देता येत असे. तिथे गेस्टने लिहिलेल्या इनपुट-आउटपुटच्या सूचना सॉफ्टवेअर वाचायचं, त्यातले पत्ते बदलून खरे पत्ते घालायचं आणि मगच त्या पुढे पाठवायचं. आजच्या वेगाला ते परवडणारं नाही.

म्हणून हे काम हार्डवेअरकडे आलं. उपकरणं आणि मेमरी यांच्यामध्ये आयओएमएमयू नावाचा भाग बसतो. इंटेलकडे त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. प्रत्येक उपकरणासाठी पत्त्यांचा एक तक्ता असतो आणि तो हायपरव्हायझर भरतो. कार्डाने मागितलेला पत्ता तक्त्यात असेल तर खऱ्या पत्त्यात बदलला जातो, नसेल तर मागणी अडवली जाते आणि तशी नोंद होते. इंटरप्टचीही, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेचीही, अशीच राखण करावी लागते. २०११ साली रफाल वोइटचुक आणि योआना रुटकोव्स्का यांनी दाखवून दिलं, की गेस्टला दिलेलं उपकरण नुसत्या मेमरी-लेखनाने खोटे इंटरप्ट पाठवून हायपरव्हायझरवर हल्ला करू शकतं. त्यावर इलाज म्हणजे इंटरप्ट रीमॅपिंग. ते नसलेल्या यंत्रावर अनोळखी ग्राहकाला पासथ्रू देऊ नये.

लिनक्सवर हे सगळं कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, व्हीएफआयओ सांभाळतं. २०१२ सालच्या ३.६ कर्नलपासून ते आहे. कार्ड मूळ ड्रायव्हरपासून सोडवायचं, व्हीएफआयओ-पीसीआय या ड्रायव्हरला जोडायचं, मग व्हर्च्युअल मशीनला द्यायचं. बहुतेकांची गाडी अडते ती आयओएमएमयू ग्रुपपाशी. पीसीआय एक्सप्रेसच्या एकाच स्विचमागची दोन उपकरणं आयओएमएमयूला वळसा घालून आपापसात बोलू शकत असतील, तर कर्नल त्यांना एकाच ग्रुपमध्ये टाकतं आणि ग्रुपची फाळणी होत नाही. ग्राफिक्स कार्डाबरोबर त्याचाच ऑडिओचा भाग आला तर ठीक. स्वस्त मदरबोर्डवर मात्र डिस्क जोडणारा साटा कंट्रोलरही त्याच ग्रुपमध्ये निघतो, आणि होस्टची, म्हणजे खुद्द सर्व्हरची, बूट डिस्क त्यावर असेल तर बेत तिथेच संपतो. ही उपकरणं वेगळी करून दाखवणारा एक अनधिकृत पॅच फिरत असतो. त्याने ग्रुप फक्त कागदावर वेगळे होतात, उपकरणांमधली वाट तशीच उघडी राहते.

एक कार्ड एका मशीनला देऊन टाकणं मोठ्या सर्व्हरवर परवडत नाही. एसआर-आयओव्ही या मानकाने एकच कार्ड स्वतःला अनेक उपकरणं म्हणून दाखवू शकतं. इंटेलच्या ८२५९९ कंट्रोलरवर एका पोर्टमागे अशी ६४ आभासी उपकरणं निघतात, प्रत्येकाच्या रांगा स्वतंत्र. ॲमेझॉनने २०१७ पासून नायट्रो मशीन्समध्ये हीच वाट धरली: नेटवर्क आणि डिस्कचं काम वेगळ्या कार्डांवर नेलं, आणि गेस्टला त्या कार्डांचा आपला हिस्सा थेट मिळतो.

किंमत मोजावी लागते ती लवचीकतेत. कार्ड कधी कुठे लिहील याचा नेम नाही, म्हणून गेस्टची सगळी मेमरी रॅममध्ये खिळून ठेवावी लागते. एकच रॅम जास्त मशीनना वाटायची सोय गेली. चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं तर फारच अवघड. कार्डाच्या आत काय अर्धवट राहिलंय ते हायपरव्हायझरला दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट तो उचलून नेणार कशी? अलीकडच्या काही नेटवर्क कार्डांना आपली अवस्था बाहेर काढून देता येते आणि लिनक्समध्ये त्यासाठी व्यवस्थाही आली आहे, पण कार्ड आणि ड्रायव्हर दोघांनी ती पाळली तरच उपयोग. तोवर दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद करायचा झाला, की पासथ्रू दिलेल्या मशीनच्या मालकाला आधी कळवून ती बंद करावी लागते.