बॉब मार्ले, फुटबॉल आणि नखाखालचा काळा डाग

फुटबॉल खेळताना पायाच्या अंगठ्याला मार बसला आणि त्यातून रेगे गायक बॉब मार्लेला कॅन्सर झाला, ही गोष्ट अजून फिरते. तसं नाही. १९७७ मध्ये त्याच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, सापडला. मार कारण नव्हता, उलट त्यामुळे ती साधी दुखापतच वाटत राहिली. ११ मे १९८१ रोजी, ३६व्या वर्षी तो गेला.

मार लागून नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख साधारण सहा महिन्यांत पूर्ण बदलतं, पायाच्या अंगठ्याचं वर्ष-दीड वर्षात. मेलॅनोमाचा उभा पट्टा मात्र मुळापासून उमटतच राहतो, बहुधा रुंदावतो. रंग कडेच्या कातडीवर उतरला तर डॉक्टर जास्तच सावध होतात. सावळ्या लोकांत अनेक नखांवर तपकिरी रेषा दिसतात, त्या बहुधा निरुपद्रवी. मोठ्या वयात एकाच नखावर नव्याने आलेली रेघ दाखवून घ्यावी. त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहतात, शंका उरली तर नखाच्या मुळाकडचा तुकडा बायोप्सीला पाठवतात.