अपुरी झोप: रक्तातल्या साखरेपासून स्मृतिभ्रंशापर्यंत

झोप म्हणजे मेंदूची विश्रांती. साखर, भूक, वजन यांच्याशी तिचं काय देणंघेणं, ही समजूत बराच काळ टिकली. इशारा मात्र जुना आहे. १८९४ साली रशियातल्या मारिया मनासेयना यांनी कुत्र्याची पिल्लं सतत जागी ठेवली. ती चार-पाच दिवसांत दगावली. नुसती उपाशी ठेवलेली पिल्लं त्याहून कितीतरी जास्त दिवस तग धरायची.

पुढे १९८० च्या दशकात शिकागो विद्यापीठात ॲलन रेक्टशाफेन यांनी पाण्यावर एक चकती बसवली आणि तिच्यावर दोन उंदीर ठेवले. एकाचा डोळा लागला रे लागला की चकती फिरायची. चालला नाही तर थेट पाण्यात. दुसऱ्यालाही तेवढंच चालावं लागे, पण पहिला जागा असताना त्याला डुलकी काढता येई. पायपीट दोघांची सारखी. तरी जागे ठेवलेले उंदीर दोन-तीन आठवड्यांत मेले, आणि त्याआधी भरपूर खाऊनही वाळत गेले. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. मला हाच तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग १९९९ चा, त्याच विद्यापीठातला. एव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. रक्तात सोडलेली साखर निपटण्याचा वेग, भरपूर झोपेनंतरच्या तुलनेत, सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. धडधाकट तरुण, आणि एका आठवड्याच्या आत त्यांचं रक्त मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखं वागू लागलं! २००४ मध्ये तर दोनच रात्री पुरल्या: पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं.

स्मृतिभ्रंशाचा धागा नंतर जुळला. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचतात. हे प्रथिन उंदरांच्या मेंदूत जागेपणी वाढतं आणि झोपेत उतरतं, असं २००९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दिसलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठाच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने मांडलं, की झोपेत पेशींमधली जागा रुंदावते आणि तिथून हा कचरा धुऊन निघतो. ही कल्पना घरोघरी पोचली. २०२४ मध्ये लंडनमधल्या संशोधकांना उंदरांमध्येच उलट निष्कर्ष मिळाला, ते मात्र फारसं कुणापर्यंत गेलं नाही.

माणसांमधला वजनदार पुरावा २०२१ चा. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातल्या जवळपास ८,००० जणांवर २५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची जोखीम ३० टक्के जास्त निघाली. हा आजार लक्षणं दिसण्याआधी वर्षानुवर्षं मेंदूत मुरत असतो आणि स्वतःच झोप उडवतो; म्हणून पन्नाशीतली नोंद मोलाची. तरी तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ जोखीम-घटक मोजले, त्यांत झोप नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा मात्र आहेत, आणि शिकागोतल्या त्या ११ तरुणांची पावलं सहा रात्रींत त्याच वाटेला लागली होती.