फ्लोरिडातील काउंटी सरटॅक्स: नोंदणी कोणाला लागते, कागदपत्रे कोणती आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कसा बसवायचा

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात विक्रीकराचा सर्वसाधारण दर ६ टक्के आहे. त्यावर बहुतेक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आपला स्थानिक सरटॅक्स (अधिभार) लावतात. मायामी-डेडमध्ये तो १ टक्का आहे, तर ऑर्लँडो शहर ज्या ऑरेंज काउंटीत येते तिथे अर्धा टक्का. नेपल्स ज्या कॉलियर काउंटीत आहे तिथला १ टक्क्याचा सरटॅक्स ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. फ्लोरिडात दुकान चालवणाऱ्यांना आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन ग्राहकांची पुस्तके लिहिणाऱ्यांनाही सर्वात महाग पडणारी चूक एकच आहे. राज्याचा ६ आणि काउंटीचा १ मिळून ७ टक्के असा एकच दर सॉफ्टवेअरमध्ये टाकला जातो. बिले निघत राहतात आणि महिन्याचे रिटर्न भरायची वेळ आली की त्यातला काउंटीचा भाग वेगळा काढता येत नाही.

जीएसटीची सवय असलेल्यांनी आधी दोन फरक लक्षात घ्यावेत. इथे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पुनर्विक्रीसाठी घेतलेला माल पुनर्विक्री प्रमाणपत्र देऊन मुळातच बिनकराचा घ्यायचा असतो आणि कर फक्त शेवटच्या ग्राहकाकडून वसूल होतो. दुसरे म्हणजे, सीजीएसटी-एसजीएसटीसारखी अर्धी-अर्धी वाटणी इथे नाही. राज्याचा कर पूर्ण किमतीवर लागतो, काउंटीचा मात्र काही वेळा किमतीच्या एका भागावरच. सगळा घोळ या दुसऱ्या फरकातून होतो.

नोंदणी कोणाला लागते

फ्लोरिडात करपात्र वस्तू विकणाऱ्याने, सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीसाठी राहायची जागा भाड्याने देणाऱ्याने, तिकीट लावून प्रवेश देणाऱ्याने आणि कार्यालयांची साफसफाई किंवा व्यावसायिक जागांचे कीटकनियंत्रण यांसारखी करपात्र सेवा देणाऱ्याने धंदा सुरू करण्याआधी नोंदणी करायची असते. राज्याबाहेरून माल पाठवणाऱ्याची मागच्या कॅलेंडर वर्षातली फ्लोरिडातली करपात्र विक्री १,००,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर त्यालाही नोंदणी लागते. हा नियम १ जुलै २०२१ पासून आहे. फक्त ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेतून विकत असाल आणि ती बाजारपेठच कर गोळा करून भरत असेल, तर ती विक्री तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही. बाजारपेठेने तसे लेखी कळवलेले मात्र हाताशी ठेवा.

सरटॅक्ससाठी वेगळी नोंदणी नाही आणि काउंटीच्या कचेरीतही जावे लागत नाही. राज्याचा महसूल विभाग, म्हणजे फ्लोरिडा डिपार्टमेंट ऑफ रेव्हेन्यू, दोन्ही कर एकाच रिटर्नमध्ये घेतो आणि काउंटीचा वाटा काउंटीला पोचवतो. हॉटेल-लॉजवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पर्यटन विकास कर हा वेगळा कर आहे. तो बऱ्याच काउंट्या स्वतः गोळा करतात आणि त्याचे खातेही वेगळे काढावे लागते.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्जाचा नमुना डीआर-१. तो विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो आणि त्याला शुल्क नाही. भरायला बसण्याआधी हे जवळ ठेवा:

- संघीय नियोक्ता ओळख क्रमांक. एकट्या मालकाचा धंदा असेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक
- कंपनी किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असल्यास राज्याच्या कॉर्पोरेशन विभागाने दिलेला दस्तऐवज क्रमांक आणि तिथे नोंदलेले नेमके नाव
- प्रत्येक दुकानाचा किंवा गोदामाचा प्रत्यक्ष पत्ता, काउंटीच्या नावासह
- धंद्याचे स्वरूप आणि त्याचा उद्योग-वर्गीकरण संकेतांक
- करपात्र व्यवहार सुरू होण्याची तारीख
- मालक, भागीदार किंवा अधिकाऱ्यांची नावे, पत्ते आणि ओळख क्रमांक
- भरणा करण्यासाठी बँक खात्याचा तपशील

अर्ज अडकतो तो बहुतेकदा नावामुळे. कॉर्पोरेशन विभागातले नाव, संघीय क्रमांकावरचे नाव आणि अर्जातले नाव अक्षरशः सारखे हवे. स्वल्पविराम आणि 'एलएलसी'सुद्धा. आणखी एक म्हणजे जागा वेगळी असेल तर नोंदणीही वेगळी लागते. ऑर्लँडोत आणि मायामीत मिळून दोन दुकाने असतील तर दोन्हींची नोंद करायची, कारण दोन्हींचा घरचा सरटॅक्स दर निराळा आहे.

मंजुरीनंतर डीआर-११ हे नोंदणी प्रमाणपत्र मिळते. ते दुकानात दिसेल असे लावायचे. सोबत डीआर-१३ हे वार्षिक पुनर्विक्री प्रमाणपत्र येते. ते दर ३१ डिसेंबरला संपते. ग्राहकाने दिलेले गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र पाहून जानेवारीत बिनकराचे बिल काढले, तर लेखातपासणीत तो कर तुमच्या अंगावर येऊ शकतो.

दर ठरतो माल जिथे पोचतो त्या काउंटीवरून

ग्राहक दुकानात येऊन माल घेऊन गेला तर दुकानाच्या काउंटीचा दर. तुम्ही माल पोचवला तर पोचवल्या जागेच्या काउंटीचा दर. समजा दुकान ऑरेंज काउंटीत आहे आणि टेबल ८०० डॉलरचे आहे. दुकानातून नेले तर ६.५ टक्क्यांनी कर ५२ डॉलर. मायामी-डेडमध्ये पोचवले तर ७ टक्क्यांनी ५६. सरटॅक्स नसलेल्या काउंटीत पोचवले तर ४८. कार्यक्रमाच्या तिकिटाला कार्यक्रमाच्या जागेचा दर लागतो. मोटारगाडीला मात्र खरेदीदाराच्या नोंदणीवर असलेल्या राहत्या पत्त्याच्या काउंटीचा दर लागतो.

म्हणून ग्राहकाच्या खात्यात बिलाचा पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता ही दोन्ही घरे भरा आणि कर दुसऱ्यावरून ठरू द्या. फक्त पिनकोडवर विसंबू नका. काही पिनकोड दोन काउंट्यांत पसरलेले आहेत. पूर्ण पत्त्यावरून काउंटी शोधा.

दर साधारणपणे १ जानेवारीलाच बदलतात आणि संपायचे ते ३१ डिसेंबरला संपतात, कारण कायद्यातच तशी तरतूद आहे. काउंटीवार दर डीआर-१५डीएसएस या तक्त्यात असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो उघडून सॉफ्टवेअरमधला प्रत्येक दर जुळवा. अपवादही घडतात. हिल्सबरो काउंटीचा १ टक्का वाहतूक सरटॅक्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि १६ मार्च २०२१ पासून, म्हणजे वर्षाच्या मध्येच, तो घेणे थांबले. जुना दर खोडून त्या जागी नवा लिहू नका. जुना कर-संकेत (टॅक्स कोड) निष्क्रिय करून नवा उघडा, नाहीतर काही सॉफ्टवेअरमध्ये जुने बिल पुन्हा उघडून जतन केले की नवा दर लागतो आणि भरलेल्या रिटर्नचे आकडे हलतात.

पाच हजार डॉलरची मर्यादा

एका वस्तूच्या किमतीतल्या पहिल्या ५,००० डॉलरवरच सरटॅक्स लागतो. राज्याचा ६ टक्के मात्र पूर्ण किमतीवर. मायामी-डेडमध्ये १२,००० डॉलरचे एक यंत्र पोचवले तर राज्याचा कर ७२०, सरटॅक्स ५०, एकूण ७७०. सरसकट ७ टक्के लावले तर ८४० होतात. हे ७० डॉलर जादा वसूल झाले, तर ते ग्राहकाला परत करावे लागतात किंवा राज्याला भरावे लागतात. स्वतःकडे ठेवता येत नाहीत.

मर्यादा वस्तूला आहे, बिलाला नाही. ३,००० डॉलरच्या चार खुर्च्यांचे १२,००० चे बिल असेल तर प्रत्येक वस्तू मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे सरटॅक्स पूर्ण १२,००० वर. मात्र जोडल्यावर एकच चालते यंत्र होते असे सुटे भाग एकाच वेळी एकाच ग्राहकाला विकले, किंवा व्यापाराच्या रीतीप्रमाणे ठोक विकला जाणारा माल असेल, तर तो सगळा एक वस्तू धरला जातो. सेवा, प्रवेशतिकिटे आणि राहण्याच्या अल्पमुदतीच्या भाड्याला ही मर्यादाच नाही. तिथे पूर्ण रकमेवर सरटॅक्स लागतो.

सॉफ्टवेअरमधली मांडणी

देणी या गटात दोन खाती उघडा: 'राज्य विक्रीकर देय' आणि 'काउंटी सरटॅक्स देय'. राज्याचा ६ टक्के हा एक कर आणि प्रत्येक काउंटीचा सरटॅक्स हा स्वतंत्र कर म्हणून तयार करा, मग त्यांचे गट बांधा: 'राज्य + मायामी-डेड', 'राज्य + ऑरेंज' असे. मर्यादेवरच्या रकमेसाठी आणि सरटॅक्स नसलेल्या काउंट्यांसाठी 'फक्त राज्य' हा संकेत लागतो. पण या दोन कारणांचे दोन वेगळे संकेत ठेवा, कारण रिटर्नमध्ये त्यांची घरे वेगळी आहेत.

झीरोसारख्या (Xero) सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा कर देता येतो. तिथे १२,००० च्या यंत्राच्या दोन ओळी करा: ५,००० ला 'राज्य + मायामी-डेड' आणि ७,००० ला 'मर्यादेवरील, फक्त राज्य'. दुसऱ्या ओळीसाठी साठ्यात न मोजला जाणारा 'उर्वरित किंमत' असा आयटम तयार करून तो त्याच विक्री खात्याला जोडा, नाहीतर साठ्यातून एकाऐवजी दोन यंत्रे वजा होतील. क्विकबुक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत बिलाच्या तळाला एकच कर किंवा एकच गट निवडता येतो. तिथे तळाला फक्त राज्याचा कर ठेवून काउंटीचा कर-आयटम ५,००० च्या ओळीखाली बिलाच्या मजकुरात घालावा. तो लगतच्या वरच्या ओळीवर मोजला जातो. पत्त्यावरून आपोआप कर काढणारी सोय वापरत असाल तर तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकण्याआधी मायामीच्या पत्त्यावर १२,००० चे चाचणी बिल काढा. ७७० आले तरच पुढे जा.

पूर्णांकनाचेही तसेच आहे. जुने तक्ते जाऊन जुलै २०२१ पासून नियम असा आहे: कर तिसऱ्या दशांशापर्यंत काढायचा आणि तिसरा अंक चारपेक्षा मोठा असेल तर पुढचा सेंट घ्यायचा. ऑरेंजमध्ये ७.३० डॉलरच्या वस्तूवर एकत्रित ६.५ टक्क्यांनी ०.४७४ येतात, म्हणजे ४७ सेंट. दोन्ही कर वेगवेगळे पूर्णांकित केले तर ४४ अधिक ४ मिळून ४८ होतात. खाती वेगळी ठेवा, पण ग्राहकाकडून घ्यायची रक्कम एकत्रित करावर पूर्णांकित होईल अशी सेटिंग निवडा. सेंटाचा फरक पडला तर तो सरटॅक्सच्या खात्यात सामावून घ्या.

परतीच्या मालाची क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच संकेतांनी आणि त्याच विभागणीने काढा. मधल्या काळात दर बदललेला असला तरीही. करअहवाल उपार्जन (ॲक्रुअल) पद्धतीवर ठेवा, रोखीवर नको: फ्लोरिडात कर विक्रीच्या क्षणी देय होतो, ग्राहकाचे पैसे आलेले नसले तरी. व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर १ ऑक्टोबर २०२५ पासून संपला आहे, त्यामुळे तो संकेत बंद करा. त्याआधीच्या वापराचे भाडे उशिरा मिळाले तर त्यावर मात्र कर आहेच.

रिटर्न: डीआर-१५ आणि त्याची मागची बाजू

सरटॅक्सची घरे फॉर्मच्या मागच्या बाजूला आहेत. १५(अ) मध्ये प्रत्येक वस्तूची ५,००० वरची रक्कम, १५(ब) मध्ये सरटॅक्स न लागणारी इतर करपात्र विक्री, १५(क) मध्ये तुमच्या काउंटीपेक्षा वेगळ्या दराने सरटॅक्स लागलेली विक्री, आणि १५(ड) मध्ये एकूण सरटॅक्स. पहिल्या तीन घरांत विक्रीची रक्कम लिहायची, कराची नाही. इथे फार लोक चुकतात.

ऑरेंजमधल्या दुकानाची महिन्याची करपात्र विक्री ४०,००० धरू. १५(अ) ७,०००, १५(ब) ३,०००, १५(क) ६,००० आणि ती सगळी मायामी-डेडची. उरलेल्या २४,००० वर अर्धा टक्का म्हणजे १२०; ६,००० वर १ टक्का म्हणजे ६०. १५(ड) मध्ये १८०. राज्याचे २,४०० धरून एकूण २,५८०. 'काउंटी सरटॅक्स देय' खात्याची महिनाअखेरची शिल्लक १८० च्या आसपास नसेल तर भरणा करण्याआधी चुकलेले बिल शोधा. बहुतेकदा ते चुकीच्या पत्त्याचे किंवा न विभागलेल्या महागड्या वस्तूचे असते.

स्वतःच्या वापरासाठी दुसऱ्या राज्यातून बिनकराचे घेतलेले संगणक किंवा फर्निचर याच रिटर्नमध्ये 'करपात्र खरेदी' या ओळीत येते, आणि त्यावर सरटॅक्सही लागतो.

रिटर्न पुढच्या महिन्याच्या १ तारखेला देय होते आणि २० तारखेनंतर उशिरा ठरते. ऑनलाइन भरणा मात्र २० च्या आदल्या कामकाजाच्या दिवशी पूर्व किनाऱ्याच्या वेळेने संध्याकाळी ५ च्या आत सुरू करून पोच घ्यावी लागते. भारतातून काम करणाऱ्यांनी १८ तारीखच शेवटची धरावी, आणि शनिवार-रविवार मध्ये आले तर आणखी आधीची. वर्षाचा कर १,००० डॉलरच्या वर असेल तर रिटर्न दर महिन्याला, ५०१ ते १,००० असेल तर तिमाहीला, १०१ ते ५०० असेल तर सहामाहीला आणि १०० पर्यंत असेल तर वर्षातून एकदा.

वेळेत आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरल्यास पहिल्या १,२०० डॉलर करावर अडीच टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३० डॉलर, वसुलीचा मोबदला म्हणून ठेवता येतात. वरच्या उदाहरणात बँकेतून २,५५० जातील. ते ३० 'इतर उत्पन्न' खात्यात घ्या, नाहीतर देय खात्यात दर महिन्याला ३० डॉलरचा अवशेष साचत जातो. उशीर झाल्यास दंड कराच्या १० टक्के, पण किमान ५० डॉलर, आणि वर व्याज. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावेच लागते आणि ते चुकले तरी ५० डॉलर लागतात.

बिले, पोचवल्याचे पुरावे आणि ग्राहकांची पुनर्विक्री प्रमाणपत्रे किमान तीन वर्षे जपून ठेवा. दुसऱ्या काउंटीचा कमी दर लावला असेल, तर माल तिथे खरोखर पोचला हे सिद्ध करणारी वाहतूकदाराची पावती त्या बिलालाच जोडून ठेवा.