७-३८-५५ चं गणित परिषदेतल्या भाषणाला लागू नाही

‘श्रोत्यांवर शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के’, हे वाक्य सादरीकरणाच्या बहुतेक कार्यशाळांत ठोकून दिलं जातं. आकडे खरे आहेत, पण ते भाषणाचे नाहीत.

१९६७ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत दोन छोटे प्रयोग केले. त्यात भाषण नव्हतंच, होते सुटे शब्द. एका प्रयोगात ‘मेबी’ (कदाचित) हा एकच शब्द आपुलकीच्या, तटस्थ आणि नापसंतीच्या सुरात ऐकवला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. प्रश्न एवढाच: बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही? दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष जोडून हे टक्के निघाले. हातवारे, उभं राहण्याची ढब यांचं मोजमाप झालंच नव्हतं. म्हणजे ‘देहबोली’ हा शब्दही नंतर चिकटवलेला. भावना किंवा आवडनिवड यांच्यापलीकडे हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

तसं नसतं, तर जपानी न येणाऱ्यालाही जपानीत सादर केलेला शोधनिबंध ९३ टक्के समजला असता!

पुटपुटणारा वक्ता कंटाळवाणा होतो, हे कबूल. आवाजाचा सराव कराच. पण परिषदेत बोलायला पंधरा मिनिटं मिळणार असतील, तर आधी प्रश्न काय होता, हाती काय लागलं आणि आलेखाच्या अक्षांवर काय मोजलंय, हे सांगणारी वाक्यं पक्की करा. आरशासमोरचे हातवारे त्यानंतर.